साडेचार इंचांच्या आत

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या संग्रहालयात वर्षातून काही आठवडेच, पानगळीच्या तोंडावर, एक क्विल्ट लोकांना पाहायला मिळते. बाकीचे महिने ती उजेडापासून दूर जपून ठेवलेली असते, कारण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे सुती कापड आणि त्यावरचे रंग प्रकाशात फार काळ टिकत नाहीत. क्विल्ट चौरस आहे, बाजू सुमारे ८० इंच. तिच्या एका कोपऱ्यात बनवणारीने तीन गोष्टी नोंदवल्या आहेत: युद्धकाळ १८६३, तुकडे ५६०२, जेन ए. स्टिकल.

ही नोंद मला फार आवडते. बाईने कोणाला आशीर्वाद दिलेला नाही, कोणासाठी शिवले ते सांगितलेले नाही. काळ कसा होता ते एका शब्दात उरकले आणि मग सरळ हिशेब दिला. तुकडे मोजून दिले. शिवणाऱ्या बायका आपल्या कामाबद्दल अशाच बोलतात.

जेनचा जन्म १८१७ चा. बेनिंग्टनजवळच्या शाफ्ट्सबरीत तिचे शेत होते. १८६० च्या जनगणनेत ४३ वर्षांची, एकटी राहणारी शेतकरी अशी तिची नोंद सापडते. वॉल्टर नावाचा नवरा होता, पुढे दोघे पुन्हा एकत्र राहिले. मूलबाळ नव्हते. १८९६ साली ती वारली. याहून फारसे काही तिच्याबद्दल सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते कल्पनेने भरून काढणारे लेखन या क्विल्टभोवती भरपूर झाले आहे. त्यात मी भर घालणार नाही. युद्ध मात्र खरे होते, अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधले यादवी युद्ध. १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई झाली, तिथे व्हरमाँटच्या पलटणी होत्या. दक्षिणेकडून येणारा कापूस तुटल्यामुळे उत्तरेत कापडाचे भाव चढले होते. कापड महागले म्हणून तिने चिंधी-चिंधी वाचवून वापरली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते गणितात बसत नाही. इतके लहान तुकडे कापड वाचवत नाहीत, उलट खातात. अर्ध्या इंचाचा तयार चौकोन हवा असेल तर चारी बाजूंना पाव-पाव इंच माया धरून एक इंचाचा चौकोन कापावा लागतो. म्हणजे कापडाचा तीन-चतुर्थांश भाग शिवणीच्या आत दडून जातो, वर दिसतो फक्त एक चतुर्थांश. जेनला काटकसरच करायची असती, तर तिने मोठे तुकडे जोडले असते. तिला काहीतरी वेगळेच करायचे होते.

ते काय, हे क्विल्टकडे पाहिले की कळते. आडवे तेरा आणि उभे तेरा, असे १६९ चौकोनी ब्लॉक, आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. भोवती ५२ त्रिकोण, तेही सगळे वेगळे. चार कोपऱ्यांचे चार तुकडे स्वतंत्र. बाहेरची कड सरळ नाही, कमानी-कमानींची. एकूण २२५ नक्ष्या. बहुतेक ब्लॉकमध्ये पांढरे कापड आणि त्याच्या जोडीला एखादेच छापील. ब्रेंडा मँजेस पापाडाकिस यांनी या सगळ्या नक्ष्या नव्याने आखून १९९६ साली 'डियर जेन' हे पुस्तक काढले, आणि तेव्हापासून जगभर या क्विल्टच्या प्रतिकृती शिवल्या जात आहेत. ओळींना ए ते एम अशी अक्षरे आणि रकान्यांना १ ते १३ असे आकडे दिल्यामुळे शिवणाऱ्या एकमेकींशी 'ए-१ झाला का?', 'जी-७ वर अडकलेय' असे बोलतात. जी-७ म्हणजे बरोबर मधला. ब्लॉकची नावेही पापाडाकिस यांनी दिलेली, जेनने नव्हे.

त्या पुस्तकातला ब्लॉक तयार झाल्यावर साडेचार इंचांचा असतो. साडेचार इंच म्हणजे साधारण तळहाताएवढी जागा. ५६०२ ला २२५ ने भागले तर प्रत्येक नक्षीच्या वाट्याला सरासरी २५ तुकडे येतात. साडेचार इंचांच्या चौकोनाचे क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस इंच. म्हणजे सरासरी तुकडा एक चौरस इंचाहूनही लहान. हे सरासरीचे झाले. प्रत्यक्षात काही ब्लॉक साधे आहेत, तर काहींत एकेक तुकडा चिमटीतून निसटेल एवढा.

असे ब्लॉक शिवायचे कसे, यासाठी माझे हे पुस्तक आहे. जेनची क्विल्ट जशीच्या तशी करावी असा आग्रह यात नाही. मी तिच्याकडे एक शाळा म्हणून पाहते. सरळ शिवण, तिरकी शिवण, वाकण, गोल, पाकळी, टोक, चार टोकांची भेट, आठ टोकांची भेट, जे जे म्हणून कापडाच्या जोडकामात अडते ते सगळे तिथे एका जागी आहे. आणि ते शिकताना एक प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो: हाताने शिवायचे की मशीनवर?

या प्रश्नावर माणसे तट बांधून भांडतात. एका बाजूला हातशिवणीचा सोवळेपणा, मशीनचे ते खरे नव्हे म्हणणारा. दुसऱ्या बाजूला वेळेचे गणित मांडणारे, एवढे टाके हाताने घालायला आम्ही रिकामटेकड्या नाही म्हणणारे. मला दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात. कारण दोघीही एकदाच ठरवून मोकळ्या होतात आणि पुढे प्रत्येक शिवणीपाशी विचार करायचे टाळतात. हात की मशीन हा प्रश्न बाईला विचारायचा नसतो, तो शिवणीला विचारायचा असतो. एकाच साडेचार इंचांत त्याचे उत्तर चार वेळा बदलू शकते. या पुस्तकाला एकच म्हणणे असेल, तर ते एवढेच आहे.

इतिहासही सोवळ्याच्या बाजूने नाही. इलायस हाउचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. जेन शिवत होती त्या दशकात मशीन अमेरिकेतल्या घरांत शिरत होते. मशीन कंपन्यांनी तेव्हा प्रसिद्ध केलेल्या तुलनेनुसार पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागत आणि मशीनवर १ तास १६ मिनिटे. ज्यांच्याकडे मशीन आले त्या बायकांनी ते लपवले नाही. त्या काळातल्या कितीतरी क्विल्टांवर मशीनची टीप अगदी दर्शनी भागात, मुद्दाम दिसेल अशी घातलेली आढळते. मशीन घरात असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. हातशिवणीला पावित्र्य चिकटले ते पुढे, मशीन सगळ्यांकडे झाल्यावर.

सदऱ्याचे ते गणित ब्लॉकला मात्र लागू पडत नाही. सदऱ्यात लांबच लांब शिवणी असतात, पाऊण इंचाच्या शिवणीत मशीनचा वेग दिसायलाच वाव नाही. तुकडे जुळवणे, टाचण्या लावणे, इस्त्री, कातर, पुन्हा जुळवणे, यातच वेळ जातो. तेव्हा ब्लॉकमध्ये मशीन वापरायचे ते वेगासाठी नव्हे, तर ते काही गोष्टी हातापेक्षा चांगल्या करते म्हणून. आणि काही गोष्टी त्याला येतच नाहीत.

मशीनला कडेपासून कडेपर्यंत जाणारी सरळ शिवण आवडते. टाका एकसारखा, घट्ट. पुढे-मागे कितीही ओढाताण झाली तरी उसवत नाही. पण मशीनवर शिवताना आपण कापडाच्या कडेवर विसंबतो. कड दाबाच्या पट्टीला लावली की टीप पाव इंचावर, म्हणजे आपल्या शिंप्यांच्या भाषेत दोन सुतांवर पडेल, हा विश्वास. कापताना धागाभर चूक झाली किंवा टीप केसभर आत गेली, तर ती चूक त्या शिवणीपुरती राहत नाही. प्रत्येक शिवणीला अर्धा मिलिमीटर गेला तर बारा शिवणींच्या ब्लॉकमध्ये सहा मिलिमीटर जातात, म्हणजे जवळजवळ पाव इंच. मग ब्लॉक साडेचार इंचांचा भरत नाही आणि शेजाऱ्याशी जुळत नाही. म्हणून मशीनवर बसण्याआधी एक चाचणी करावी: दीड इंचाच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची, आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. बहुतेकींची थोडी कमी भरते, कारण कापड दुमडले की त्या घडीची जाडीसुद्धा थोडी जागा खाते. टीप दोन सुतांच्या किंचित आत घ्यावी लागते, ती त्यामुळे.

हाताने शिवताना कडेवर विसंबायचे नसते. साचा ठेवून कापडाच्या उलट्या बाजूला शिवणीची रेघ पेन्सिलने काढलेली असते, माया अंदाजाने सोडलेली असली तरी चालते. टाचणी एका तुकड्यावरची रेघ जिथे संपते त्या बिंदूतून घालून दुसऱ्याच्या बिंदूतून बाहेर काढायची आणि बिंदूपासून बिंदूपर्यंत धावदोरा घालत जायचा, मधून एखादा उलटा टाका. शिवण बिंदूवर थांबते, मायेत शिरत नाही. हातशिवणीची खरी ताकद या थांबण्यात आहे. माया मोकळी राहते, त्यामुळे ती नंतर कोणत्याही बाजूला वळवता येते. तीन तुकडे एका बिंदूवर भेटतात आणि एकही शिवण आरपार जात नाही, असा इंग्रजी वाय अक्षरासारखा सांधा हाताने सहज बसतो. मशीनवर तोच सांधा करताना सुई खाली ठेवून, पाय उचलून, कापड वळवून, बाजूची माया बोटाने दूर धरून कसरत करावी लागते. जमते, पण त्या वेळात हाताने दोन झाले असते. वाकणाचेही तसेच. फुगीर आणि खोलगट कड जोडताना हात टाक्यागणिक कापड सैलावू शकतो. मशीनचे दाते मात्र खालचे कापड आपल्या गतीने ओढत राहतात.

तिसरी पद्धत कागदावरच्या जोडकामाची. यात नक्षीच्या रेघा पातळ कागदावर काढलेल्या असतात, कापड कागदाच्या मागच्या बाजूला ठेवायचे आणि वरून रेघेवर टीप घालायची. टाका बारीक, दीड मिलिमीटरचा, म्हणजे कागदाला जवळजवळ भोके पडतात आणि नंतर तो सहज फाटून निघतो. तयार नक्षी कागदावरच्या रेघांच्या उलट दिसते, आरशातल्यासारखी, हे सुरुवातीला प्रत्येकीला एकदा तरी गोंधळात टाकते. या पद्धतीत तुकडा नेमका कापण्याची गरजच नाही. रेघ नेमकी असली की पुरे. सुईसारख्या अणकुचीदार त्रिकोणांसाठी याहून चांगली रीत माझ्या माहितीत नाही. अट एकच: प्रत्येक नवी शिवण आधीच्या सगळ्या तुकड्यांच्या टोकाला सरळ भिडली पाहिजे. वाय सांधा आणि वाकण इथे चालत नाही. आधाराला काहीतरी ठेवून त्यावर शिवण्याची ही कल्पना जुनी आहे, एकोणिसाव्या शतकात असा आधार बहुधा कापडाचा असे.

कागदाची आणखी एक रीत आहे आणि ती याहून फार जुनी. तिला इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात. जाड कागदाचे नेमके आकार कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून टाचायचे आणि मग कडेला कड लावून वरून बारीक टाक्यांनी शिवायचे. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डकडे १७१८ सालची रेशमी चादर आहे, ती अशीच कागदांवर जोडलेली आहे. मुलांसाठी 'ग्रीन नो'च्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या ल्युसी बॉस्टन या लेखिकेने केंब्रिजजवळच्या आपल्या जुन्या घरात या पद्धतीने एकाहून एक पॅचवर्क केले. तिच्या क्रुसांच्या चादरीतला प्रत्येक ब्लॉक लांबट षटकोन या एकाच आकारातून उभा राहतो, आणि नक्षी बदलते ती केवळ छापील कापडाचा कुठला भाग त्या षटकोनात येतो यामुळे. शांत बसून करायचे काम आहे. प्रवासात, दवाखान्यात, मुलांच्या क्लासबाहेर ताटकळताना करण्याजोगेही. पण कड नेमकी हवी असेल तर कागद नेमका हवा, म्हणजे कष्ट संपत नाहीत, ते शिवणकामातून कातरकामात जातात.

आता या सगळ्या पद्धती एका ब्लॉकमध्ये कशा भेटतात ते पाहू. पुढचा ब्लॉक जेनचा नाही, समजावण्यासाठी मी आखलेला आहे. मध्ये तीन इंचांचा चौकोन, त्यात आठ टोकांची चांदणी. चांदणीच्या आठ पाकळ्या म्हणजे आठ तिरके समभुज चौकोन, त्यांची बाजू भूमितीने सुमारे सात सूत येते. त्यांच्यामधल्या खाचांत चार चौकोन आणि चार त्रिकोण. भोवती पाऊण इंच रुंदीची, लहान त्रिकोणांची चौकट: प्रत्येक बाजूला आठ त्रिकोण आणि चार कोपऱ्यांना चार चौकोन. एकूण ५२ तुकडे.

चौकटीच्या पट्ट्यांचा निर्णय सोपा आहे. आठ त्रिकोणांत सात शिवणी, प्रत्येक शिवण पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ, आणि लांबी तीन इंचांहून केसभरही हलायला नको. म्हणजे कागद आणि मशीन. चांदणीचा निर्णयही सोपा आहे: खाचांत आठ वाय सांधे आणि मध्यभागी आठ टोकांची भेट. म्हणजे हात. हाताने शिवली की मधल्या आठ माया मोकळ्या राहतात, त्या सगळ्या एकाच दिशेने फिरवून इस्त्री केली की मागे एक छोटे चक्र तयार होते आणि मधोमध गाठीसारखा उंचवटा येत नाही. मशीनवर तिथे कापडाचे इतके थर चढतात की पुढे क्विल्टिंगची सुई अडते.

कठीण जागा येते ती या दोघांना एकत्र आणताना, आणि ती कोणी नीट सांगत नाही. हातशिवणीचा नियम बिंदूवर थांबण्याचा आहे. पण चांदणीच्या ज्या शिवणी तीन इंचांच्या चौकोनाच्या बाहेरच्या कडेला जाऊन संपतात, त्यांच्यावरून पुढे मशीनची टीप आडवी जाणार असते. तिथे बिंदूवर थांबलात, तर टीप नेमकी बिंदूवर न पडता पलीकडे पडली की बारीकसे भोक राहते. म्हणून आतले सांधे बिंदूवर थांबवायचे आणि बाहेर जाणाऱ्या शिवणी थेट कापलेल्या कडेपर्यंत न्यायच्या. एकाच तुकड्याच्या दोन टोकांना दोन नियम. हे एकदा अंगवळणी पडले की निम्मी लढाई जिंकली.

मग चौकटीची पट्टी चांदणीला जोडायची. चांदणीची दोन टोके प्रत्येक बाजूला बरोबर शिवणीच्या रेघेवर येतात. टीप धागाभर आत गेली की टोके बोथट झाली. ती दिसायची असतील तर चांदणीची उलटी बाजू वर हवी. पण पट्टीच्या कागदावर शिवणीची छापील रेघ आहे, आणि ती दिसायची असेल तर कागद वर हवा. दोन्ही वर ठेवता येत नाहीत. माझा उपाय असा: आधी कागद वर ठेवून टाचण्या टोकांच्या बिंदूतून आरपार घालायच्या, त्या रेघेवर हाताने मोठे कच्चे टाके घालायचे, उलगडून सुलट्या बाजूने टोके पाहायची. बरोबर असतील तरच मशीनखाली घ्यायचे. एकाच शिवणीवर आधी हात आणि मग मशीन. वेळ जातो, पण उसवण्यात याहून जास्त जातो. शिवाय एवढ्या लहान तुकड्यांचे कापड दुसऱ्यांदा उसवले की कडा विरतात आणि पाव इंचाची माया तेवढी उरत नाही.

आणि कागद काढायचा कधी? पट्टीच्या दोन्ही लांब कडांना शेजारी मिळेपर्यंत नाही. कागद आहे तोवर त्रिकोणांची उरेब कड ताणली जात नाही. मात्र कधी कागदावर केलेला भाग हाताने जोडायची वेळ आली, तर कागद आधीच काढावा लागतो, कारण कागदातून बारीक धावदोरा धड पडत नाही. मग काढण्याआधी शिवणीची रेघ कापडावर उतरवून घ्यायची. हे विसरले तर हाताशी ना कड, ना रेघ.

माझ्या मते ब्लॉक शिवण्याआधी तो वाचता यायला हवा. कोणती शिवण आरपार जाते, कोणती मध्येच थांबते, उरेब कड कुठे बाहेर येते, कुठला भाग स्वतंत्र करून नंतर जोडता येतो. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक ब्लॉकच्या शेजारी त्याचे सुटे भाग दाखवले आहेत, पण माझी मांडणी पाहण्याआधी स्वतः पेन्सिल घेऊन ब्लॉक तोडून पाहावा. पाकळ्या आणि वर्तुळे जोडावीत की वर बसवावीत, यावर तुमचे-माझे जमणार नाही कदाचित. मी लांबट पाकळी कापडावर ठेवून, सुईच्या टोकाने सूतभर कड आत सारत शिवते. जोडकामच करायचे असा हट्ट धरणाऱ्यांनी खुशाल धरावा.

मराठी वाचकाला हे काम काही बाबतींत परके वाटेल. आपल्याकडे गोधडी आहे, वाकळ आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बाहेरून आत धावदोरा घालत नेलेली. तिथे जोडकाम असले तरी ठिगळाइतके. जीव आहे तो थरांत आणि टाक्यांत. गोव्यातून वर सह्याद्रीत गेलेल्या सिद्दी समाजाच्या बायका उत्तर कन्नडात कवंदी शिवतात, त्यांचीही रीत वेगळी: कापडाचे तुकडे कडा दुमडून थेट अस्तरावर ठेवायचे आणि कडेपासून मध्याकडे शिवत जायचे, जोडणे आणि थर पक्के करणे एकाच टाक्यात. या दोन्हींत आधी मोजून आखलेला चौकोन नाही. जेनच्या परंपरेत वरचा पदर आधी पूर्ण जोडला जातो, थर नंतर येतात. म्हणून गोधडी शिवणाऱ्या बाईचा धावदोरा या कामात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. मोजमापाची सवय मात्र नव्याने लावून घ्यावी लागते.

मशीनच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, हे बहुतेकींना माहीत नसते. घराघरांतून माळ्यावर चढलेले ते जुने काळे, फक्त सरळ टीप घालणारे मशीन या कामाला नव्या महागड्या मशीनपेक्षा चांगले. नव्या मशीनला झिगझॅग घालता यावे म्हणून सुईखालच्या पट्टीला लांबट फट असते, त्रिकोणाचे अणकुचीदार टोक त्या फटीत ओढले जाते आणि चावले जाते. जुन्या मशीनच्या पट्टीला सुईपुरते एक गोल भोक, टोक जाणार कुठे? हाताने फिरवायचे असेल तर आणखी बरे: एक टाका म्हटले की एकच टाका. सुई बारीक घाला, ११ नंबरची. दुकानदार सवयीने १६ देईल. जुन्या मशीनचा पाय अरुंद असतो, कड त्याला लावून दोन सूत मिळत नाहीत, म्हणून सुईपासून दोन सूत मोजून पाट्यावर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा. कापड त्या धारेला टेकवून चालवायचे. आणि टीप सुरू करताना आधी एखाद्या चिंधीवर दोन टाके घालून मग तुकडा आत सरकवायचा, म्हणजे सुरुवातीलाच दोऱ्याचा गुंता होत नाही.

कापडाबद्दल थोडके. कॅम्ब्रिक उत्तम, पॉपलीन चालेल, पांढऱ्यासाठी बारीक सुताचे मांजरपाट धुऊन आणि खळ देऊन. खण कितीही देखणा असला तरी अर्ध्या इंचाच्या तुकड्यांना नको. जाड पडतो आणि दशा निघतात. मलमल हाताला गोड, पण मागची माया वर दिसते. लाल आणि निळ्या छापील कापडाचा रंग जातो की नाही ते पांढऱ्या चिंधीसोबत भिजवून आधी पाहावे. ब्लॉक झाल्यावर पाहून उपयोग नाही. फिरत्या पात्याचा कटर १९७९ पासून बाजारात आहे आणि पट्ट्यांसाठी तो घ्यावाच, पण या पुस्तकातल्या निम्म्या आकारांना शेवटी साचा आणि धारदार कात्रीच लागते.

ब्लॉक कोणत्या क्रमाने करावेत असे मला नेहमी विचारले जाते. जेनच्या क्विल्टमध्ये ए-१ पहिला आहे म्हणून तोच आधी करायला बसणाऱ्या अनेकजणी ए-१ पाशीच थांबतात. तो अक्षर-आकड्यांचा क्रम जागा ओळखण्यासाठी आहे, सोप्यापासून कठिणाकडे नेण्यासाठी नव्हे. इथे मी ब्लॉक शिवणींच्या स्वभावानुसार लावले आहेत: आधी आरपार जाणाऱ्या, मग कागदावरच्या, मग थांबणाऱ्या, शेवटी वाकणे. शेवटच्या भागातले ब्लॉक मिश्र आहेत आणि त्यांना मी पद्धत सुचवली असली तरी ठरवून दिलेली नाही.

नक्ष्या पूर्ण मापाच्या छापल्या आहेत आणि त्यांत माया धरलेली नाही, ती तुमच्या पद्धतीप्रमाणे तुम्ही सोडायची. झेरॉक्स काढलीत तर कापडाला कात्री लावण्याआधी चौकोनाच्या आडव्या आणि उभ्या, दोन्ही बाजू पट्टीने मोजा. बरीच यंत्रे कागदाची एक बाजू किंचित आक्रसतात, आणि साडेचारऐवजी चार इंच तीन सूत भरलेला चौकोन डोळ्यांना ओळखू येत नाही.